ओहोटीचे साडेतीन तास

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पाणी उतरू लागतं
आणि खाडीवरचा पूल एकेक करून पाय दाखवतो,
एकशे तेरा लाकडी खांब,
कमरेपर्यंत हिरवे, त्याखाली काळे.
वेल्सच्या या किनाऱ्यावर अजून फटफटलेलं नाही.
गेथिन कपाळाला बॅटरी बांधतो, मी खरवडणी काढते.

पूल तपासणं हे आमचं काम नाही.
तपासणारी उद्या येईल, कार्डिफहून, प्रॉथेरो बाई.
तिची हातोडी अर्ध्या किलोची, वही त्याहून जड.
आम्ही एवढंच बघायचं की तिला लाकूड दिसावं.
शेवाळ नव्हे, लाकूड.
कालवं नव्हेत, शिंपल्यांचे चिकटून बसलेले संसार नव्हेत,
कुणाच्या गळाचा आकडा, भरतीनं गुंडाळलेली पिशवी,
यातलं काही नव्हे.

वर, लोखंडी तुळयांच्या सांध्यात, कबुतरांची घाण.
ती आधी ओली करायची, नाकाला फडकं बांधायचं,
कोरडी उडाली तर छातीत जाऊन बसते.
मग पाण्याची भोकं मोकळी करायची.
तुंबलेलं पाणी आवाज करत नाही,
नुसतं लोखंड खात बसतं.

काल एक घरटं तसंच ठेवलं,
सत्ताविसाव्या खांबाच्या कुशीत.
चार पिल्लं, अंगापेक्षा चोच मोठी.
गेथिननं खडूनं बाण काढून लिहिलं:
इथे ऑगस्टनंतर.

जुनी वही मी चाळली आहे.
खांब एकेचाळीस.
अक्षर बदललं, शाई बदलली, ओळ तीच:
'आच्छादित. पाहता आले नाही.'
सहा वर्षं.
खोटं नाही त्यात काही, बोट ठेवायला जागा नाही.
पण तेवढ्या ओळीवरून रोज चौदा गाड्या जातात.

आणि हे गेथिनला ठाऊक नाही, की असेलही:
त्या सहांतली चार वर्षं खरवडणी माझ्याच हातात होती.
चाळिसाव्यापर्यंत आलं की पाणी घोट्याला लागायचं,
खाडीचा मूळ ओघ तिथूनच वळतो.
पलीकडची टोळी बेचाळिसाला थांबायची.
आम्ही एकमेकांना हात करायचो
आणि मधला एक खांब
दोघांनी दुसऱ्याचा समजायचा.

यंदा मी म्हटलं, एकेचाळीसपासून सुरुवात.
'गुडघा दुखतोय का तुझा, एलिनेद?' गेथिननं विचारलं.
दुखत होता. ते कारण नव्हतं.

वीतभर जाड थर निघाला, ढलप्या-ढलप्यांनी.
खाली लाकूड इतकं नितळ
की क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.
मग बॅटरी जवळ नेली.
टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. तीन. नाही, पाच.
समुद्रातला किडा दार एवढंच ठेवतो,
घर आत वाढवतो.
ठोकायचा अधिकार आम्हाला नाही.
मी खरवडणीची मूठ अलगद आपटली.
चाळिसावा 'टक्' म्हणाला होता.
हा 'हं' म्हणाला,
झोपेत कुणी होकार द्यावा तसा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीनदा ठोकलं,
बारीक गिरमिट घातलं, ते लोण्यात जावं तसं गेलं.
बाई काही बोलल्या नाहीत.
दुपारपासून गाड्या पायी चालल्यासारख्या,
शाळेतली पोरं चाळीस मिनिटं उशिरा घरी,
आणि दुकानातली बेनन बाई मला सुटे पैसे देताना:
'काय उकरून काढलंत गं?'

मी सांगणार होते तिला.
पण सांगायचं तर सहा वर्षं मागून सांगावं लागलं असतं,
आणि मागे रांग होती.

वहीत आता नवी ओळ आहे, लांब, आकड्यांची.
बाईंनी ती लिहून शाई वाळू दिली, वही मिटली.
मी खरवडणी धुतली
आणि बेचाळिसाव्या खांबाकडे पाहिलं.
पाणी तिथे पोचलं होतं.